पहिलं ‘नको’

आमच्या घराण्यात कुणी पहिल्या विचारण्याला हो म्हटल्याचं ऐकिवात नाही. चहा टाकू का, म्हटलं की नको. बसा ना, म्हटलं की नको, निघतोच आहे. आणि निघतोच आहे म्हणणारा हा माणूस जेवून, वामकुक्षी घेऊन, संध्याकाळचा चहा पिऊन, शिवाय जाताना उरलेलं डब्यात बांधून घेऊन जातो. माझी आत्या या सगळ्यांची गुरू. तिला वाढायला गेलं की ती ताटावर दोन्ही हात आडवे धरायची, पण बोटांमध्ये बरोब्बर फट ठेवायची, म्हणजे वाढणाऱ्याला कुठे वाढायचं ते कळावं. पहिल्या नकोवर जो थांबला तो तिच्या लेखी माणसातून उठला. एका व्याह्यांनी तिला एकदाच विचारलं म्हणून ती भरल्या मांडवातून उपाशी परत आली होती, आणि पुढे जन्मभर त्या घराचा उद्धार करत राहिली.

मला या प्रकाराचा लहानपणापासून तिटकारा. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं सगळी. हवं असेल तर हवं म्हणा, नको असेल तर नको म्हणा, मधे हा तमाशा कशाला? मी स्वतःला यातून वेगळं काढलेलं होतं. मी रोखठोक, मी फटकळ, असं माझं माझ्याबद्दलचं मत होतं, आणि घरच्यांचंही तेच होतं. फक्त ते तेच शब्द वेगळ्या सुरात म्हणायचे.

मी कवळ्या बनवते. दाताचा डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचं माप घेऊन पाठवतो, त्यात आम्ही प्लास्टर ओतून जबडा तयार करतो, त्यावर मेण चढवतो आणि मेणात एकेक दात रोवत जातो. वरचा दात खालच्यावर नीट बसला नाही तर म्हातारा माणूस जेवताना स्वतःचाच गाल चावतो, म्हणून दोन्ही जबडे एका बिजागरीच्या यंत्रावर चढवून पुन्हा पुन्हा मिटून बघायचे. तोंडं मला माणसांशिवाय भेटतात, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख. जबडा सल्ला देत नाही, आणि लग्न का केलं नाहीस असं विचारत नाही.

आई गेल्यावर घरात दादा, वहिनी आणि मागच्या खोलीत मी. दादा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. दिवाणखान्यातल्या खुर्चीवरून तो दूधवाल्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांच्या चुका काढायचा आणि पाण्याचा ग्लास मात्र मागून घ्यायचा. वहिनी वाईट नव्हती. तिला फक्त प्रत्येक कामाच्या वेळी कुठेतरी दुखायचं. मी कामावरून आले की तिचं दुखणं उतू जायचं आणि मी निघाले की थांबायचं. बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी हे पाहिलं. मग एका परदेशातल्या कवळ्यांच्या कारखान्याला बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या बाईच्या जागी माणूस हवा होता, तिथे मी कुणाला न सांगता अर्ज केला आणि निवड झाल्यावर सांगितलं.

दादा म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हटलं, जाते. तो म्हणाला, बरं. त्या वेळी मला वाटलं, चला, निदान एवढा तरी समजूतदारपणा आहे.

तिकडे राहायची सोय वहिनीच्या माहेरच्या ओळखीतल्या एका घरात झाली. त्या गृहस्थांना मी दुसऱ्याच दिवशी मनातल्या मनात ‘इथलेकाका’ असं नाव ठेवलं. त्यांना तिथे जाऊन खूप वर्षं झाली होती आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘इथं असं नसतं’ अशी व्हायची. जिन्यात मोठ्याने बोलू नकोस, इथं असं नसतं. शेजाऱ्याला कुठे चाललात विचारू नकोस, इथं असं नसतं. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावर त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी असं व्याख्यान दिलं की मला वाटलं, आता दीक्षाच देतात. त्या देशाला ते ‘आपल्याकडे’ म्हणायचे आणि मी जिथून आले त्याला ‘तुमच्याकडे’. ही ‘आपली’ माणसं मात्र काकांचं बोलणं ऐकून दुकानात दोन-दोनदा ‘काय?’ म्हणायची आणि काका शेवटी बोटाने वस्तू दाखवायचे. घरात बूट घालून फिरायचे, पण टीव्हीच्या रिमोटला अजून प्लास्टिकची पिशवी चढवलेली होती. जित्याची खोड सातासमुद्रापलीकडे गेली तरी जात नाही.

काकू त्यांच्या मागे सावलीसारख्या असायच्या. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात त्या घड्या घालायच्या आणि घरी आल्यावरही हाताला लागेल त्याची घडी घालत बसायच्या. मी पोचले त्या दिवशी त्यांनी विचारलं, चहा घेणार का. मी म्हटलं, नको. त्यांनी पातेलं परत जागेवर ठेवलं. प्रवासाने माझा घसा कोरडा पडला होता. मी वर माझ्या खोलीत गेले, नळाचं पाणी प्यायले आणि या बाईला काही रीतभात शिकवली आहे की नाही, असं मनात म्हणाले. खोली छताच्या उताराखाली होती. कपाट उघडायचं तर आधी पलंग ओढावा लागायचा, आणि पलंगावरून उठताना डोकं जपावं लागायचं. पण दाराला आतून कडी होती आणि किल्ली माझ्याकडे होती.

कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. प्रत्येकाला टेबल, टेबलावर दिवा आणि घासताना उडणारी पूड ओढून घेणारी नळी. मालकीण उंच, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता आणि त्या फटीतून तो दिवसभर शीळ घालायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात बनवणारा माणूस स्वतःचा दात नीट करत नाही, यावरून त्या कारखान्याची कळकळ ओळखावी. त्याचं नाव मी शिट्टी ठेवलं. ही मंडळी सावकाश काम करायची, घंटा झाली की हातातला दात तिथेच टाकून उठायची, आणि जेवायला प्रत्येक जण आपला डबा घेऊन वेगवेगळ्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. या बसा नाही, घ्या खा नाही. गोठ्यातली जनावरंसुद्धा एकमेकांच्या गव्हाणीत बघतात.

पहिल्या आठवड्यात मी शिट्टीपुढे माझा डबा धरला. तो नको म्हणाला. मी म्हटलं, घ्या हो. तो पुन्हा नको म्हणाला आणि जरा मागे सरकला. मी म्हटलं, एक घास तरी, तुम्हाला माझी शपथ. शपथेचं भाषांतर मला जमलं नाही, पण आवाज पोचला असावा. त्याने दाराकडे पाहिलं, मालकिणीच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं, मग मुकाट्याने घास घेतला आणि सगळं जेवण होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर एक सफरचंद आणून ठेवलं, फेडल्यासारखं. मला हसू आलं. एका घासाला घाबरणारी माणसं ही, आणि चालली जगाला शिस्त शिकवायला.

असं माझं सगळ्यांना नाकं मुरडणं चालू होतं आणि त्याच वेळी मी तिथे रुजतही होते. मला तिथला कोट घेता आला, बस कळली, भाजीवालीशी हवेबद्दल बोलता यायला लागलं. रविवारी मी कुणाचंही काही न करता पडून राहायचे. मी बाजूच्या खोलीत असताना ‘अगं ए’ अशी हाक यायची नाही. माझ्या टेबलावरचा दिवा मी माझ्या उंचीला लावून घेतला होता आणि सकाळी तो तसाच सापडायचा. एक दिवस बसमधून उतरताना मला स्वच्छ कळलं की मला इथेच राहायचंय. इतकं काही मला आयुष्यात हवं वाटलं नव्हतं. बाळंतीण परत आली की मला जावं लागणार होतं, आणि जायचं म्हणजे दादाच्या मागच्या खोलीत. ती खोलीही उरली होती की नाही, शंकाच होती. फोनवर वहिनी मला घर दाखवायची तेव्हा मागे माझ्या पलंगाच्या जागी तिचं चालायचं यंत्र दिसायचं, आणि त्यावर वाळत घातलेले टॉवेल.

रजा संपत आली तेव्हा मी वाट बघत होते. एका सकाळी मी वरच्या पुढच्या दातांची ओळ लावत होते, तेव्हा मालकीण माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ती बाई बाळाजवळच राहायचं म्हणतेय, परत येत नाही. तुझं काम चांगलं आहे. तुला कायमचं राहायचंय का? परवान्याचं मी बघेन.

मला असा आनंद झाला की हातातली मेण कोरायची सुरी मी खाली ठेवली. आणि तोंडातून बाहेर पडलं, "नको नको, उगीच माझ्यामुळे तुम्हाला त्रास कशाला. तुम्ही तुमच्या सोयीने बघा."

मालकिणीने मान डोलावली. मग म्हणाली, "ठीक आहे. स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं." टेबलावर हलकेच हात आपटून ती निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. चार पावलांवर ती वळेल आणि म्हणेल, अगं असं काय करतेस, रहा की. ती वळली नाही. काचेच्या खोलीत जाऊन तिने फोन उचलला.

तरीही मला काळजी वाटली नाही. मी म्हटलं, असेल कामात, दुपारी येईल. दुपारी ती माझ्या शेजारून दोनदा गेली. दोन्ही वेळा मी मान वर करून तिला विचारायची सोय करून दिली, आत्याच्या बोटांतल्या फटीसारखी. ती हसली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या खोलीत जाऊन नसलेल्या शंका विचारल्या. तिने शंकांची उत्तरं दिली. मग मला राग यायला लागला. ही काय पद्धत झाली? माणसाला एकदा विचारायचं आणि मोकळं व्हायचं? भिकाऱ्याच्या वाडग्यातसुद्धा जरा वाकून टाकतात. या देशात यंत्रं आहेत, रस्ते आहेत, कचऱ्याचे रंगीत डबे आहेत, पण माणसाला दुसऱ्यांदा विचारण्याची अक्कल नाही, असं मी शिट्टीच्या डब्यातल्या सफरचंदाकडे बघत ठरवून टाकलं. आठवडा गेला. मग शिट्टीनेच शीळ थांबवून सांगितलं की दुसऱ्या कारखान्यातला एक माणूस माझं टेबल बघून गेला, मी डॉक्टरांकडे माप आणायला गेले होते तेव्हा. तो पुढच्या महिन्यात येणार. तू घरी जाणार ना, मजा आहे, असंही तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही आणि मी इथलेकाकांना सांगितलं. ही माझी दुसरी चूक. काकांनी बूट घातलेला पाय पायावर टाकला आणि त्यांचा चेहरा असा उजळला जसा कचऱ्याच्या विषयाने उजळायचा. म्हणाले, इथं असं नसतं. इथं हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. तुमच्याकडची ही नाटकं इथं विमानतळावरच सोडून यायची असतात. त्यांनी स्वतः पहिल्याच दिवशी सोडली होती. भीड ही भिकेची बहीण, हे माहीत नाही का तुला, असं वर त्यांनी मलाच ऐकवलं. त्या माणसाचा मला इतका राग कधीच आला नव्हता, कारण या वेळी तो खरं बोलत होता. त्यांनी रिमोट पिशवीतूनच दाबला आणि बातम्या लावल्या.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून दादाला फोन लावला. काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फडक्यांच्या घड्या घालत होत्या. तिकडे जेवणं झाली होती. दादा खुर्चीत होता, वहिनीचा आवाज आतून येत होता. मी सांगितलं की इथलं काम पुढच्या महिन्यात संपतंय आणि मी परत येतेय.

दादाने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "ये की. तुझंच घर आहे. खोली आहेच तुझी."

त्याच्या खांद्यामागे दार उघडं होतं. आत ते चालायचं यंत्र, त्यावर टॉवेल. भिंतीवरचं माझं कपाट नव्हतं. मी आपलं आमच्या घराण्याला शोभेल तसं म्हटलं, "नको, वहिनीची अडचण होईल. मी बघेन माझी कुठेतरी सोय."

आणि मी थांबले. आता दादा म्हणणार होता, वेडी आहेस का, अडचण कसली. ते म्हटल्यावर मी पुन्हा नको म्हणणार होते, तो रागावणार होता आणि मग मी बरं म्हणणार होते. हे आम्हाला पाठ आहे. आत्या दाराशी येऊन नको म्हणाली की याच दादाने तिची पिशवी हातातून हिसकावून आत ठेवली आहे. जावई नको म्हणाला की याच दादाने त्याच्या चपला लपवल्या आहेत.

दादाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी नीट ओळखते. कवळी पहिल्यांदा नीट बसली की डॉक्टर लोक सांगतात तसं, सगळा जबडा सैल होतो. तो म्हणाला, "बघ बाई. तुला जसं बरं वाटेल तसं. तू काही ऐकणारी नाहीस." मग त्याने तिकडच्या उन्हाचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं, आणि कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. कुणी आलं नव्हतं. दारावरची बेल वाजली असती तर मला ऐकू आली असती.

मला रडू आलं नाही, चीड आली. आग्रह ही आमच्याकडची रीत, आमच्याकडची माया, असं मी आठवडाभर त्या बिचाऱ्या मालकिणीच्या नावाने बोटं मोडत होते. आणि आमच्याकडे आग्रह होता तो जावयाला, व्याह्याला, चार दिवसांनी जाणाऱ्या पाहुण्याला. राहायला येणाऱ्या बहिणीला एकदाच विचारायचं असतं, तेही आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही असं. जाऊ नकोस असंही त्याने एकदाच म्हटलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

काकूंनी हातातली घडी पूर्ण केली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आलीस त्या दिवशी मला तुला पुन्हा विचारायचं होतं, चहाचं. पण हे दारात उभे होते. यांनी मला सांगून ठेवलंय, इथं एकदाच विचारायचं." मग दुसरं फडकं घेऊन त्यांनी ते झटकलं. "मला पण इथं आल्यापासून कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. यांनीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी कितीतरी जेवणांना अर्धपोटी उठलेय."

बाहेर काका कचऱ्याचे डबे ओळीत लावत होते आणि एक डबा जरा पुढे आला म्हणून तो पुन्हा मागे घेत होते.

सोमवारी मी कोटसुद्धा न काढता मालकिणीच्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. ती म्हणाली, बोल. मी म्हटलं, "मला राहायचंय."

तिला समजेना. ती म्हणाली, "मी विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"ते पहिलं नको होतं. आमच्याकडे पहिलं नको धरत नाहीत."

ती विचारात पडली. त्या बाईची मला तेवढ्यापुरती दया आली, कारण तिने फार गंभीरपणे विचारलं की मग एखाद्याला खरोखरच नको असेल तर तुम्हाला कळतं कसं. मी म्हटलं, कळत नाही, म्हणून तर विचारत राहतो. ती हसली नाही. तिने सांगितलं की तिला वाईट वाटतं, पण त्या माणसाला तिने शब्द दिलाय. टेबल त्याचं झालं. एवढं बोलून तिने संगणकाच्या पडद्याकडे तोंड वळवलं. तिच्या देशात बोलणं तिथे संपलं होतं.

मी उठले नाही. लाज वाटत होती. कान तापले होते. मागून घेणाऱ्या माणसांना मी जन्मभर हसले होते आणि आता कोट घालून भर सकाळी मागत बसले होते. पण पंगतीत पळी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला मी लहानपणापासून बघत आले आहे. समोरचा नको म्हणतो, ती हलत नाही. तिला नको ऐकूच येत नाही. मी म्हटलं, टेबल त्याला द्या, मला काम द्या. मालकीण म्हणाली, काम टेबलावरच होतं ना, आता जागा नाही. मी म्हटलं, कोपऱ्यातल्या टेबलावर प्लास्टरच्या गोण्या ठेवल्यात, त्या मी खाली ठेवते. ती म्हणाली, तिथे पूड ओढायची नळी नाही. मी म्हटलं, मेणाचं काम करायला नळी लागत नाही. आणि मेणाचं काम तुम्ही बाहेरच्या कारखान्याला पाठवता, ते मला द्या.

"मी एकदा नाही म्हटलंय," ती म्हणाली. तिची मान लाल झाली होती.

मी म्हटलं, "हो. मी पुन्हा विचारतेय."

तिने दाराकडे पाहिलं. शिट्टीने पाहिलं होतं अगदी तसंच. तेव्हा मला कळलं की या लोकांना सगळं शिकवलेलं आहे, फक्त दुसऱ्यांदा विचारलं तर काय करायचं ते कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्याकडे एकच नको असतं, आणि तिचं खर्च झालं होतं. तिने पेन उचललं, ठेवलं, काचेतून कोपऱ्यातल्या गोण्यांकडे पाहिलं. मग पुटपुटली की बाहेरचं काम तसंही उशिरा येतं. अर्धा दिवस. सध्या अर्धाच दिवस, पुढचं पुढे बघू. चालेल का?

माझ्या जिभेवर ‘नको, उगीच तुम्हाला’ इथपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "चालेल." मग बाहेर जाऊन गोण्या हलवायला लागले. शिट्टी विचारत होता की तू घरी जाणार होतीस ना. मी त्याला म्हटलं की एक गोणी उचलायला हात लाव. तो म्हणाला, पाठ दुखते. मी पुन्हा म्हटलं आणि त्याने उचलली.

संध्याकाळी घरी आल्यावर काकांना सांगितलं. ते म्हणाले, असं इथं नसतं, मागून कुणी नोकरी देत नाही, तुझा काहीतरी गैरसमज झालाय, महिनाअखेरीला बघ. मग ते शेजाऱ्याचा डबा वाकडा लागलाय ते बघायला बाहेर गेले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. मी त्यांच्या मागे दार लोटून घेतलं.

काकू कामावरून आल्या होत्या, कोट अजून अंगावर होता. मी पातेलं चढवलं आणि विचारलं, "काकू, चहा घेणार?"

"नको गं."

"घ्या हो. अर्धा कप."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, बसल्या, कोटाची बटणं काढली आणि म्हणाल्या, "नको, खरंच नको. आत्ताच तिकडे घेतला." त्यांच्या कारखान्यात चहाचं यंत्र बंद पडलंय हे त्यांनीच मला सकाळी सांगितलं होतं. मी म्हटलं, तुमच्यासाठी टाकलाय, आता वाया जाईल. त्या म्हणाल्या, तू घे, तू दमून आलीस. मी म्हटलं, तुम्ही घेतल्याशिवाय मी घेणार नाही. त्यांनी मान हलवली, पण दुसऱ्या हाताने कप जवळ ओढून घेतला आणि त्यावर पंजा आडवा धरला, बोटांमध्ये फट ठेवून.

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा नको म्हटलं. डोळे भरलेले, ओठ हसू दाबून धरलेले, आणि तरी नको. इतक्या वर्षांची भूक एका संध्याकाळी भागवायला बसली होती ती हावरट बाई. मी पातेलं हातात घेऊन उभी राहिले आणि पुन्हा विचारलं.